स्टेरॉईड उतरवताना: टीबी मेंदूज्वराच्या एका अत्यवस्थ रुग्णाचं प्रकरण

रुग्ण ३८ वर्षांचा, भोसरी एमआयडीसीत वेल्डर. मूळचा बीड जिल्ह्यातला. दिघीला भाड्याच्या खोलीत बायको, दोन मुली आणि धाकटा भाऊ यांच्यासोबत राहणारा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आमच्या आयसीयूत आला तेव्हा हाकेला डोळे उघडत नव्हता. चिमटा घेतला की डोळे किलकिले करायचा, कण्हायचा आणि हात चिमट्याच्या जागेपर्यंत आणायचा. ग्लासगो कोमा स्केलवर (शुद्धीचं माप, पूर्ण शुद्धीत १५) ९. मान ताठ, डावा डोळा नाकाकडे वळलेला. वजन ५० किलो. दिवाळीत साठाच्या वर होतं, असं भाऊ म्हणाला.

तीन आठवडे संध्याकाळचा ताप आणि डोकेदुखी. आधी चष्म्याच्या नंबरावर ढकललं, मग विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉईडचे उपचार झाले. उलट्या सुरू झाल्या, असंबद्ध बोलायला लागला, तेव्हा घराजवळच्या एका रुग्णालयात भरती केलं. तिथे मणक्यातलं पाणी काढलं, जीवाणूंचा मेंदूज्वर धरून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि व्हँकोमायसिन दिलं, आणि त्याबरोबर चार दिवस डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टेरॉईड. जीवाणूंच्या मेंदूज्वरात डेक्सा चारच दिवस द्यायचं असतं, त्यामुळे त्या निदानापुरतं बोलायचं तर हे नियमाला धरूनच होतं.

आणि त्याला बरंही वाटलं. तिसऱ्या दिवशी उठून बसला, चहा मागितला, मुलींशी फोनवर बोलला. चौथ्या दिवशी डेक्सा संपलं. सहाव्या दिवशी तो गुंगीत गेला.

आमच्याकडे पहिल्या रात्री भावाने जे विचारलं ते तसंच्या तसं लिहितो, कारण या प्रकरणातला कळीचा प्रश्न त्यात आहे. “डॉक्टर, ते इंजेक्शन चालू होतं तोवर दादा बरा होता. बंद केलं आणि पडला. आता तुम्ही परत तेच देणार? शरीराला सवय लागली तर?”

जुन्या फाईलमधला पाण्याचा रिपोर्ट असा होता: पेशी ३१०, त्यातल्या ६० टक्के न्यूट्रोफिल (जीवाणूंच्या संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी), प्रोटीन २१०, साखर ५८. साखरेपुढे ‘नॉर्मल’ असं लिहिलेलं. त्याच फाईलमध्ये, चार पानं मागे, सिस्टरांच्या चार्टवर त्याच सकाळची ग्लुकोमीटरची नोंद होती २६८. मणक्यातल्या पाण्यात रक्ताच्या साधारण दोन तृतीयांश साखर असते. निम्म्याहून कमी असेल तर शंका घ्यायची. इथे ती जेमतेम एक पंचमांश होती. ५८ हा आकडा एकटा पाहिला तर निरोगी वाटतो, शेजारी २६८ ठेवला की अर्थच बदलतो. माणसाला मधुमेह आहे हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही केलेलं एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ९.८ आलं. राहिले न्यूट्रोफिल. टीबीच्या मेंदूज्वरात सुरुवातीला तेही वरचढ असू शकतात, लिम्फोसाइट नंतर वाढतात. ज्याच्या पाण्याची तपासणी करतो त्याची त्याच वेळची रक्तशर्करा त्याच कागदावर लिहिलेली असावी, हा आग्रह मी प्रत्येक रेसिडेंटकडे धरतो.

त्या चार दिवसांचा अर्थ मग लागतो. टीबीच्या मेंदूज्वरात मेंदूच्या तळाशी घट्ट, चिकट स्राव साचतो. त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुजतात आणि बंद पडतात, पाण्याचे मार्ग तुंबतात, मेंदूला सूज येते. नुकसान जंतू करतोच, पण त्याहून जास्त नुकसान जंतूविरुद्ध पेटलेली शरीराची प्रतिक्रिया करते. डेक्साने ती प्रतिक्रिया दबली म्हणून तो उठून बसला. जंतूला मात्र त्या चार दिवसांत कोणीच हात लावला नव्हता, कारण सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन टीबीवर चालत नाही. डेक्सा थांबलं तेव्हा जंतूही होता आणि प्रतिक्रियाही पुन्हा मोकळी झाली. भावाचं निरीक्षण बरोबर होतं, त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा बरोबर नव्हता.

सीटीत तळाचा स्राव उजळलेला दिसला, पाण्याच्या पोकळ्या फुगलेल्या. अडथळा पोकळ्यांच्या आत नव्हता, त्यामुळे पुन्हा मणक्यातून पाणी काढणं सुरक्षित होतं. ८ मिली काढलं, कारण जंतू विरळ असतात आणि दोन-तीन मिलीत सीबीनॅट (टीबीच्या जंतूचे जनुक शोधणारी चाचणी) निगेटिव्ह येण्याची शक्यता वाढते. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला: टीबी पॉझिटिव्ह, टीबीवरच्या मुख्य औषधाला, रिफॅम्पिसिनला, रेझिस्टन्स नाही. पण एकेटी (टीबीविरोधी औषधं) आणि डेक्सा आदल्या रात्रीच सुरू झालं होतं. अशा रुग्णात रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. निगेटिव्ह आला असता तरी उपचार चालूच राहिले असते, कारण निगेटिव्ह सीबीनॅटने टीबीचा मेंदूज्वर नाकारता येत नाही.

डोस ठरवण्याआधी तीव्रतेची श्रेणी ठरवावी लागते. पूर्ण शुद्धीत आणि कुठलीही मज्जासंस्थेची खूण नसलेला रुग्ण पहिल्या श्रेणीत, कोमा स्केल ११ ते १४ किंवा शुद्धीत असून एखादी खूण असेल तर दुसऱ्या, १० किंवा त्याहून कमी असेल तर तिसऱ्या. हा तिसऱ्या श्रेणीतला. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीसाठी डेक्सा पहिल्या आठवड्यात किलोमागे रोज ०.४ मिग्रॅ शिरेतून, पुढे दर आठवड्याला ०.३, ०.२, ०.१, त्यानंतर तोंडावाटे रोज ४ मिग्रॅ आणि दर आठवड्याला १ मिग्रॅ कमी. एकूण आठ आठवडे. ५० किलोच्या या माणसासाठी पहिल्या आठवड्यात रोज २० मिग्रॅ, म्हणजे दर सहा तासांनी ५. एकेटीच्या वजनगटाप्रमाणे चार गोळ्या, कुटून, रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी).

हे वेळापत्रक व्हिएतनाममधल्या चाचणीतून आलं आहे. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. चौदा वर्षांवरचे ५४५ रुग्ण, निम्म्यांना एकेटीबरोबर डेक्सा, निम्म्यांना एकेटीबरोबर प्लासिबो (औषध नसलेली मात्रा). नऊ महिन्यांत डेक्साच्या गटात ३१.८ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ४१.३ टक्के. म्हणजे साधारण दर दहा रुग्णांमागे एक जीव. एवढा फरक पाडणारं, इतकं स्वस्त आणि तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळणारं औषध या आजारात दुसरं नाही. पण त्याच चाचणीचा उरलेला अर्धा भाग नातेवाइकांना सांगायला आपण कचरतो: वाचलेल्यांतल्या गंभीर अपंगत्वाचं प्रमाण डेक्साने कमी झालं नाही. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांतल्या जगण्यातला फरकही धूसर झाला होता. मी दोन्ही गोष्टी सांगतो. त्या रात्री त्याच्या बायकोला सांगितलं, “ताई, हे औषध जीव वाचण्याची शक्यता वाढवतं. हातपाय, बोलणं, डोळे याची हमी ते देत नाही.” त्यांनी विचारलं, “जीव वाचला तर बाकीचं आम्ही बघू, चालेल ना?” सही केली.

याच चाचणीतली एक नोंद मला फार मोलाची वाटते. स्टेरॉईडने दुष्परिणाम वाढतील अशी भीती असते; तिथे उलट झालं. गंभीर दुष्परिणाम डेक्साच्या गटात कमी निघाले, विशेषतः एकेटीमुळे होणारी गंभीर कावीळ. कावीळ झाली की एकेटी थांबवावी लागते, आणि मेंदूज्वरात थांबलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत मोठी असते.

एचआयव्ही असलेल्यांत चित्र वेगळं आहे. व्हिएतनाम आणि इंडोनेशियातल्या ५२० प्रौढांवरची चाचणी २०२३ मध्ये आली. तिथे मृत्यू ४४.१ विरुद्ध ४९ टक्के, आणि या फरकावर ठामपणे विसंबता येत नाही. म्हणून एचआयव्हीची तपासणी पहिल्याच दिवशी. याची निगेटिव्ह होती.

आता आयसीयूतला भाग, जो चाचण्यांच्या तक्त्यांत मावत नाही.

पहाटे कोमा स्केल ७ वर उतरला, उलटी झाली. नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतलं. न्यूरोसर्जननी त्याच सकाळी ईव्हीडी (मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी नळी) टाकली. पाण्याचा दाब वाढलेला असताना नुसत्या डेक्सावर भिस्त ठेवणं मला पटत नाही. औषध सूज उतरवेल, पण तुंबलेलं पाणी आत्ता बाहेर काढावं लागतं. नवव्या दिवशी ईव्हीडीच्या जागी व्हीपी शंट (ते पाणी आतूनच पोटात सोडणारी नळी) बसला.

सोडियम १२२ होतं. अशा वेळी पाणी तोडायचा आदेश सहज लिहिला जातो, आणि या आजारात तो घातक ठरू शकतो: आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांत रक्ताचा पुरवठा आणखी कमी पडतो आणि मेंदूचा तुकडा मरतो. याची लघवी भरपूर होत होती, रक्तदाब उतरत होता, म्हणजे शरीर मीठ गमावत होतं. ३ टक्के सलाईन, भरपूर द्रव आणि शरीरात मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन दिलं. लखनौच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये टीबी मेंदूज्वरातल्या अशाच मीठगळतीवर या गोळीची चाचणी प्रसिद्ध केली, त्यात सोडियम लवकर ताळ्यावर आलं होतं. चढवतानाही घाई नाही. चोवीस तासांत ८ ते १० च्या आतच.

शुगरने मात्र आम्हाला दमवलं. आधीचा अनोळखी मधुमेह, त्यावर २० मिग्रॅ डेक्सा आणि ट्यूबमधून दिवसभर फीड. इन्सुलिनचं इन्फ्युजन, दर तासाला सुईचं टोचणं. सिस्टर रोज सकाळी टॉर्च लावून त्याचं टाळू आणि नाक बघायच्या. २०२१ मध्ये पुण्यात म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) वॉर्ड ज्यांनी पाहिले त्यांना अनियंत्रित शुगर आणि स्टेरॉईड ही जोडी काय करते हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी झटका आला. झटक्यांवरचं फिनिटॉइन हाताशी होतं, तरी त्याऐवजी लेव्हेटिरासिटाम दिलं. रिफॅम्पिसिन आधीच यकृताला डेक्सा भराभर मोडायला लावतं. फिनिटॉइनही तेच करतं. कागदावर २० मिग्रॅ आणि मेंदूपर्यंत त्याहून बरंच कमी, अशी स्थिती अत्यवस्थ रुग्णात नको. ट्यूबमधून दिलेली एकेटी खरोखर पोटातून पुढे जाते का, हेही पाहावं लागतं. फीड आणि गोळ्यांमध्ये अंतर ठेवलं, ट्यूबमधून उलट येणाऱ्या द्रवाची नोंद ठेवली.

पहिला आठवडा २० मिग्रॅ, दुसरा १५. दहाव्या दिवशी ट्रॅकिओस्टोमी (श्वासासाठी गळ्यातून छेद). चौदाव्या दिवशी तो डोळे उघडून होता, “जीभ दाखवा” म्हटलं की दाखवत होता, बायकोकडे बघून रडला. पंधराव्या दिवशी डेक्सा १० वर आणलं.

सतराव्या दिवशी ताप चढला, दुपारपर्यंत पेंगायला लागला, आणि उजव्या हाताची पकड सैल लागली. भाऊ आयसीयूच्या दारात उभा होता. “बघा डॉक्टर, कमी केलं की पडतो.”

इथे पेन उचलून डेक्सा पुन्हा २० लिहिणं सर्वांत सोपं होतं, आणि पुढे ते लिहिलंही. पण डोस कमी केल्यावर रुग्ण बिघडला, याचा अर्थ डोस कमी केल्यामुळेच बिघडला असा होत नाही. टीबी मेंदूज्वराच्या तिसऱ्या आठवड्यात माणूस पेंगायला लागण्याची निदान सहा कारणं आहेत, आणि त्यांतल्या काहींत स्टेरॉईड वाढवल्याने नुकसानच होतं. सोडियम पुन्हा पडलं का? १३३, ठीक. शुगर? १८०. शंट बंद पडला का? तातडीच्या सीटीत पोकळ्या लहान, टोक जागेवर. यकृत? एन्झाइम किंचित वाढलेले, पेंगण्याइतके नाहीत. व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया? एक्स-रेत नवा डाग नव्हता. तरी रक्ताचं आणि ट्रॅकिओस्टोमीतल्या स्रावाचं कल्चर पाठवलं आणि ते येईपर्यंत अँटिबायोटिक चालू केलं. शंटला जंतुसंसर्ग? पाणी तपासलं, पेशी पहिल्यापेक्षा कमी, जीवाणू नाहीत. एकेटी चुकली का? सिस्टरांच्या चार्टवर एकही डोस रिकामा नव्हता, ट्यूबमधून उलट आलेलं काही नव्हतं. एकेटीतल्या आयसोनियाझिड या औषधाला रेझिस्टन्स असेल का, हा प्रश्न तेवढा उघडा होता, कारण आपण केलेलं सीबीनॅट फक्त रिफॅम्पिसिनबद्दल सांगतं. लाइन प्रोब अ‍ॅसे आणि कल्चरचा पाठपुरावा लावला. पुढे दोन्हींत जंतू आयसोनियाझिडला दाद देणारा निघाला.

मग एमआरआय. तळाचा स्राव आधीपेक्षा वाढलेला, डाव्या बाजूला कडा उजळणाऱ्या दोन-तीन नव्या लहान गाठी, भोवती सूज, आणि मेंदूच्या आत, डाव्या बेसल गँग्लियात, एक ताजं छोटं इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग). उजव्या हाताचं उत्तर तिथे होतं. जंतू मरत असताना, औषध लागू पडत असताना प्रतिक्रिया उफाळून येते आणि चित्र उलटंच बिघडतं. याला पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन म्हणतात. ते ठरल्यावर डेक्सा २० वर नेलं. एकेटी तीच ठेवली. अशा वेळी घाबरून एकेटी बदलली जाते, चांगली चालणारी औषधं काढली जातात, आणि तो बदल बहुतेकदा अनाठायी असतो.

उफाळा आल्यावर किती दिवसांनी, किती कमी करायचं याचं चाचणीने ठरवून दिलेलं वेळापत्रक नाही. रुग्णाकडे बघून ठरवावं लागतं. आम्ही प्रत्येक पायरी सातऐवजी दहा दिवसांची केली, आणि प्रत्येक पायरी उतरण्याच्या सकाळी सोडियम, शुगर आणि हाताची पकड पाहिल्याशिवाय नवा डोस लिहायचा नाही असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी तो पुन्हा जागा होता. हाताची ताकद मात्र आली नाही. इन्फार्क्टने नेलेलं डेक्सा परत देत नाही.

भावाला हे समजावताना त्याच्याच कामातलं उदाहरण उपयोगी पडलं. तोही त्याच वर्कशॉपमध्ये आहे. तापलेला जोड एकदम पाण्यात घातला तर तडकतो, आपला आपण निवू द्यावा लागतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. “म्हणजे सवय नाही, निवायला वेळ,” तो म्हणाला. सवयीच्या त्याच्या भीतीत एक खरा अंशही होता आणि तो मी त्याच्यापासून लपवला नाही: इतके आठवडे बाहेरून स्टेरॉईड मिळाल्यावर अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं बनवणं थांबवतात. गोळी एकदम सोडली तर उलट्या, अशक्तपणा, रक्तदाब पडणं, शुगर घसरणं असं होतं, आणि वरवर पाहता ते सगळं मेंदूज्वर उलटल्यासारखंच दिसतं.

म्हणून डिस्चार्जच्या दिवसाला मी आयसीयूतल्या पहिल्या रात्रीइतकंच महत्त्व देतो. तो गावी जाणार होता. बायकोला दिघीच्या खोलीत एकटीने त्याचं करणं शक्य नव्हतं, गावी आई होती. डेक्साच्या गोळ्या बाजारात ०.५ आणि ४ मिग्रॅ अशा दोन्ही मिळतात. नाव तेच, फरक आठ पट. आम्ही घरी फक्त ०.५ च्याच द्यायच्या ठरवल्या, म्हणजे अदलाबदल होणारच नाही. रोज ४ मिग्रॅ म्हणजे आठ गोळ्या. दहा दिवसांनी सहा, मग चार, मग दोन. डिस्चार्ज कार्डावरचं ‘टेपर अ‍ॅज अ‍ॅडव्हाइज्ड’ हे वाक्य मी कोणालाही लिहू देत नाही, त्याने घरी काहीच कळत नाही. वॉर्डच्या सिस्टरांनी सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर मराठीत तारखा लिहिल्या, प्रत्येक तारखेपुढे तितक्या गोळ्यांचे गोल काढले, आणि बायकोकडून ते मोठ्याने वाचून घेतलं. खाली लाल पेनने: ‘उलटी झाली, ताप आला, दुसरे डॉक्टर बंद करा म्हणाले, तरी आधी फोन करा.’ तालुक्याच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोललो. निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवरची नोंद बीडला वर्ग केली, त्यामुळे एकेटी तिथे मिळाली आणि पोषण योजनेचे महिन्याचे १००० रुपये खात्यात येऊ लागले. घरातल्या सगळ्यांची टीबीसाठी तपासणी झाली; कोणालाच आजार नव्हता, आणि मुलींना प्रतिबंधक औषध सुरू झालं.

फोन एकदाच आला. सहा गोळ्यांवरून चारवर आल्यावर डोकं दुखतंय म्हणून. तालुक्यात सोडियम केलं, १३६. शुद्ध नीट, उलटी नाही. चारच ठेवा म्हटलं, दोन दिवसांनी दुखणं थांबलं.

सहाव्या महिन्यात तो पुण्याला तपासणीला आला, काठी घेऊन, भावाच्या आधाराने. डावा डोळा सरळ झालेला. एकेटीतलं एथॅम्ब्युटॉल डोळ्यांना इजा करू शकतं आणि ते चालू असल्यामुळे दृष्टी आणि रंगओळख तपासली. बेशुद्ध माणूस दिसेनासं झालंय हे सांगू शकत नाही, म्हणून शुद्धीवर आल्यापासून दर भेटीत ती तपासत आलो आहोत. दोन्ही नीट. उजव्या हाताने पेला धरतो, वेल्डिंगची गन नाही. हिशेब करताना अडखळतो, थोड्या वेळाने चिडतो. वर्कशॉपच्या मालकाने त्याला स्टोअरमध्ये माल आत-बाहेर नोंदवायचं काम देऊ केलं आहे. फिजिओथेरपी आठवड्यातून तीन वेळा व्हायला हवी, गावी ती मिळत नाही. बायकोला हाताचे व्यायाम शिकवले आहेत, आणि दिघीला परत यायचं की नाही यावर घरात अजून एकमत नाही.

नवव्या महिन्याच्या एमआरआयमध्ये एक गाठ शिल्लक आहे, लहान, सूज नसलेली. भारतातली मार्गदर्शक तत्त्वं टीबी मेंदूज्वरासाठी किमान नऊ महिन्यांची एकेटी सांगतात. आम्ही बारापर्यंत नेत आहोत. इन्सुलिन सुटलं, आता मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्या आहेत. रिफॅम्पिसिनमुळे ग्लिमेपिराइडचा असर कमी पडतो, त्यामुळे सध्याचा डोस चढा आहे. बाराव्या महिन्यात रिफॅम्पिसिन थांबल्यावर तोच डोस जास्त होईल आणि शुगर घसरू शकते. ग्लिमेपिराइड त्या आठवड्यापासून निम्मं करायचं आणि पुढचे पंधरा दिवस घरी रोज दोनदा शुगर बघायची, हे त्याच पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला तारखांसकट लिहून दिलं आहे.